बंद मशीनचे आकडे

पीएच.डी.ची तोंडी परीक्षा सर्वांना खुली असते. तशी नोटीसच लागते बोर्डावर, टाइप केलेली, खाली शिक्का मारलेली. कुणीही यावं, कुणीही प्रश्न विचारावा. नव्वदीच्या सुरुवातीला धुळ्याच्या आमच्या संशोधन केंद्रात मी अशा कितीतरी खुल्या परीक्षांना हजेरी लावली, आणि एकाही परीक्षेत समोर बसलेल्या माणसांतून प्रश्न आलेला ऐकला नाही. आमची रीतच होती तशी. दुसऱ्याच्या विद्यार्थ्याला प्रश्न विचारायचा नाही. विचारलात, तर तो विद्यार्थ्याला विचारला असं कुणी धरत नसे, त्याच्या गाईडला विचारला असं धरत. आणि गाईड मंडळी असलं काही विसरत नाहीत. तुमचा विद्यार्थी उभा राहिला की व्याजासकट परत करतात. म्हणून सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. बाहेरगावहून आलेले परीक्षक हॉलकडे बघून म्हणायचे, "कुणाला काही शंका?" हॉल आपापल्या चपलांकडे बघायचा. मग टाळ्या, मग शाल-श्रीफळ, मग वरण-बट्टीचं जेवण.

'खुली' या शब्दाचा मला तेव्हापासून राग आहे. दार बंद असलं तर माणूस ठोठावतो तरी. इथे दार सताड उघडं होतं आणि आत कुणी तोंड उघडत नव्हतं, आणि याला सगळे मिळून शिस्त म्हणायचे.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. घर जळगावच्या पिंप्राळ्यात. आठवड्याची सुट्टी आणि उरलेल्या रजा धुळ्याच्या एसटीत जायच्या, कारण माझे गाईड तिथे विभागप्रमुख होते. आमचं कुटुंब बौद्ध, अमळनेरचं, आई-वडील तिथेच राहायचे. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. नानांची सगळी नोकरी तेलाच्या कारखान्यात गेली. घरात भिंतीवर सूट-टाय घातलेल्या माणसाची एक तसबीर होती, आणि त्या माणसाच्या पदव्या नानांना पाठ होत्या. लहानपणी आम्ही भावंडं दंगा करायला लागलो की ते रागावत नसत. त्या पदव्या एकामागून एक म्हणायला लागत, आणि आम्ही गप्प बसायचो. मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं तेव्हा नानांनी दारावरच्या पाटीसाठी सुताराकडून फळी कापून आणली. पाटी रंगवायची बाकी ठेवली होती. नावाच्या आधी 'डॉ.' लागलं की मगच रंगवायची, असं त्यांचं ठरलेलं होतं.

माझा विषय यावल तालुक्यातल्या केळीच्या बागा, म्हणजे त्या बागांना लागणारं विहिरीचं पाणी. त्या पाण्यात सोडियम किती, हे मी मोजत होते. विषय ऐकून लोक जांभई द्यायचे. पण पाण्यात सोडियम वाढलं की जमीन हळूहळू चोपण होत जाते. पाऊस पडला की चिकट चिखल, ऊन पडलं की दगड. पाणी वरच साचतं, मुळाशी जात नाही. बागवाल्याला वाटतं पाणी कमी पडलं, तो आणखी सोडतो, म्हणजे आणखी सोडियम सोडतो. काही गावांत हे सुरू झालं होतं. वेळेत कळलं तर त्यावर उपाय आहे, शेतात जिप्सम घालता येतं, पाणी बदलून देता येतं. उशिरा कळलं तर जमीन हातची जाते. म्हणजे माझा आकडा खरा की खोटा, यावर कुणाची तरी बाग अवलंबून होती. हे मी प्रबंधात जड इंग्रजीत लिहिलं होतं, इथे सरळ लिहिते आहे.

हे मोजायला फ्लेम फोटोमीटर नावाचं यंत्र लागतं. पाण्याचा बारीक फवारा ज्योतीत सोडायचा, ज्योतीचा रंग किती गडद होतो ते यंत्र मोजतं, त्यावरून सोडियम आणि पोटॅशियम कळतं. आमच्या विभागात असं एक मशीन होतं. कोपऱ्यातल्या खोलीत, स्वतंत्र टेबलावर, प्लॅस्टिकच्या कव्हराखाली. ते बंद होतं. मी नाव नोंदवलं त्याच्याही आधीपासून बंद. त्याचा कॉम्प्रेसर जळला होता, आत काय काय गंजलं होतं कोण जाणे. कंपनीचा माणूस म्हणे एकदा येऊन बघून गेला होता, तो पुन्हा फिरकला नाही.

पण त्या मशीनचा थाट बघावा खंडेनवमीला. त्या दिवशी विभागातल्या सगळ्या उपकरणांची पूजा व्हायची. तराजूला हळदकुंकू, ओव्हनला हळदकुंकू, आणि फ्लेम फोटोमीटर सगळ्यांत महाग म्हणून त्याला झेंडूची सगळ्यांत मोठी माळ. प्रमुखांच्या हस्ते नारळ. विद्यापीठाची तपासणी समिती आली की कव्हर निघायचं, शेजारी गॅसची टाकी आणून ठेवायची, आणि समितीतली माणसं त्याच्याभोवती उभी राहून चहा प्यायची. लावून दाखवा, असं कुणी म्हणाल्याचं मला आठवत नाही. एका खंडेनवमीला मी विभागातल्या म्हाताऱ्या शिपाईभाऊंना विचारलं, की बंद मशीनला कसली माळ घालता? ते माळ सारखी करत म्हणाले, "ताई, पूजा तं करनी पडस. बंद शे हाई बठ्ठासले माहीत शे. कोन बोलस?"

सगळ्यांना माहीत आहे, कोण बोलतं? आमच्या विभागाचं ब्रीदवाक्य म्हणून हेच दारावर कोरायला हवं होतं.

मी माझं पाणी नाशिकला न्यायचे. तिथल्या एका प्रयोगशाळेत हात जोडून, ओळखी काढून, एखाद्या रविवारी मशीन वापरायची परवानगी मिळवली होती. प्लॅस्टिकच्या बाटल्यांनी भरलेल्या दोन पिशव्या घेऊन मी जळगावला पॅसेंजरमध्ये चढायचे. एकदा तिकीट तपासनिसाला संशय आला. त्याने बाटली उघडून वास घेतला, दुसरी उघडली, तिचाही घेतला.

"बाई, हे काय आहे?"

"पाणी."

"पाणी घेऊन नाशिकला? तिथे गोदावरी आटली का?"

डबा हसला. मीही हसले. तेव्हा मला हसू यायचं, कारण काम खरं चाललं होतं आणि खरं काम करणाऱ्याला लोकांच्या हसण्याचं फारसं काही वाटत नाही.

गाईडसरांच्या खोलीत काचेचं मोठं कपाट होतं, त्याबद्दल सांगायला हवं. त्या काळी बाहेरची नियतकालिकं आमच्यापर्यंत पोचत नसत. म्हणून आम्ही पोस्टकार्डं पाठवायचो. परदेशातल्या लेखकाला कार्ड टाकायचं, की आपला अमुक लेख हवा आहे, एक प्रत पाठवा. आणि ती माणसं पाठवायची! ओळख ना पाळख, स्वतःच्या खर्चाने पाकिटं पाठवायची, कधी कधी वर दोन ओळी शुभेच्छांच्या. ती पाकिटं विभागाच्या पत्त्यावर यायची आणि सरळ त्या काचेच्या कपाटात जायची. किल्ली सरांच्या कंबरेला. मी मागवलेला लेख मला वाचायचा असेल तर सरांच्या सवडीने, त्यांच्या खोलीत, त्यांच्यासमोर बसून. का, असं विचारलं तर म्हणायचे, "मॅडम, झाकली मूठ सव्वा लाखाची." ज्यांनी मूठ उघडून सातासमुद्रापलीकडून पाठवलं त्यांना बिचाऱ्यांना कल्पना नसेल, की धुळ्यात ती पुन्हा झाकली जाते. स्नेहसंमेलनात हेच सर भाषण करायचे, की तरुणांनो, वेगळा विचार करा, प्रश्न विचारा, प्रश्न विचारल्याशिवाय विज्ञान पुढे जात नाही. पोरं टाळ्या वाजवायची. मला दात-ओठ खावेसे वाटायचे.

आता मुख्य गोष्ट. सरांचा आणखी एक विद्यार्थी होता, माझा गुरुबंधू म्हणा. एका संस्थाचालकांचा पुतण्या. माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम लिहिते, कारण वाईट माणसाची गोष्ट सांगणं सोपं असतं. हसतमुख होता, मला ताई म्हणायचा, स्टँडवर उशीर झाला तर स्कूटरवर सोडायचा. त्याचाही विषय यावलच्या विहिरींचं पाणी. बऱ्याचशा विहिरी माझ्याच. त्याचा प्रबंध माझ्याआधी तयार झाला. बांधायला टाकण्याआधी त्याने स्वतःच तो माझ्याकडे आणून दिला. "ताई, जरा इंग्रजी बघून द्या ना, तुमचं चांगलं आहे."

मी इंग्रजी बघायला बसले आणि सोडियमच्या कोष्टकापाशी थांबले. पावसाळ्यानंतरची रीडिंग, हिवाळ्यातली, उन्हाळ्यातली, सगळी विहिरीवार मांडलेली, दशांशासकट. आणि पद्धतीच्या प्रकरणात वाक्य होतं, की ही सर्व रीडिंग विभागातल्या फ्लेम फोटोमीटरवर घेतली. कोणत्या फ्लेम फोटोमीटरवर? ज्याला माळ घालतात त्या? मी ज्या विहिरींच्या पाण्याच्या बाटल्या नाशिकला नेत होते, त्याच विहिरींचं सोडियम याच्या कोष्टकात निम्म्याहून खाली. आणि शेवटी निष्कर्ष, की या भागातलं पाणी सिंचनास योग्य आहे.

मी त्याला विचारलं. तो गोंधळला नाही, हेच मला जास्त लागलं. म्हणाला, "ताई, मशीन बंद होतं म्हणून सरांनीच मागच्या एका प्रबंधावरून मेळ घालायला सांगितलं. सगळे तसंच करतात." आणि मागच्या प्रबंधातले आकडे तरी कुठून आले होते? तेव्हाही मशीन बंदच होतं. म्हणजे एका बंद मशीनमधून आमच्या विभागात पिढ्यान्‌पिढ्या आकडे निघत होते. कुंपणच शेत खात होतं.

मी सरांकडे गेले. माझाही प्रबंध टाइप होऊन त्यांच्या टेबलावर पडून होता, एका सहीसाठी. गाईडची सही असलेलं प्रमाणपत्राचं पान पहिलं लागतं. ते नसेल तर विद्यापीठ प्रबंध हातात घेत नाही.

सर म्हणाले, "बरं झालं आलात. तुमचे सोडियमचे आकडे जरा वर गेलेत. त्याचं झालं की तुमचे त्याच्याशी जुळवून घ्या."

"सर, माझे मोजलेले आहेत."

"एकाच विभागातून दोन तोंडांनी बोलायचं का मॅडम? बाहेर काय दिसेल?"

"पण मशीन बंद आहे सर."

"मशीन विभागात आहे," ते शांतपणे म्हणाले. मग चष्मा काढून, आवाज आणखी मऊ करून म्हणाले, "तुम्हाला कोणी घेत नव्हतं तेव्हा मी घेतलं. आठवतं ना?"

आठवतं. फार चांगलं आठवतं. 'कोणी घेत नव्हतं' याचा अर्थ काय, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. माझे गुण कमी नव्हते. आडनाव आडवं येत होतं. त्यांनी मला घेतलं ही त्यांची मेहेरबानी होती, आणि आता त्या मेहेरबानीच्या बदल्यात यावलच्या विहिरींतलं सोडियम कमी व्हायला हवं होतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी बाहेर येऊन जिना उतरायला लागले.

मी काय करू शकत होते? विद्यापीठाला तक्रार? ती फिरून विभागप्रमुखांच्याच शेऱ्यासाठी आली असती. लेख लिहिणं? लेखावर गाईडचं नाव आधी घालावं लागे, म्हणजे पुन्हा त्यांचाच होकार हवा. राहिली ती एकच जागा, जिथे बोलायची परवानगी नोटीस लावून दिलेली होती. सर्वांना खुली.

परीक्षेच्या दिवशी हॉल भरला होता. आजूबाजूच्या कॉलेजांतले प्राध्यापक, बरेचसे स्वतः गाईड, गुरुबंधूचे नातेवाईक, मागे काही विद्यार्थी. खाली मांडवात बट्ट्या भाजायला घेतल्याचा वास वरपर्यंत येत होता. गुरुबंधूने पारदर्शिका लावून भाषण केलं, चांगलं केलं. परीक्षकांनी दोन-तीन गुळगुळीत प्रश्न विचारले, त्याने दिली उत्तरं. मग ते हॉलकडे वळून म्हणाले, "कुणाला काही शंका?" आणि हॉल चपलांकडे बघायला लागला.

मी उभी राहिले. मी विचारलं, "सोडियम आणि पोटॅशियमची रीडिंग कोणत्या मशीनवर घेतली?"

हॉलमधल्या सगळ्या माना वर आल्या. गुरुबंधूने माझ्याकडे पाहिलं आणि मग सरांकडे पाहिलं. सर बसूनच म्हणाले, "प्रबंधात लिहिलं आहे. विभागात उपकरण आहे. इथल्या सगळ्यांनी ते पाहिलं आहे." कुणीतरी हसलं.

"पाहिलं आहे," मी म्हणाले. "चालू असलेलं कुणी पाहिलं आहे? मशीन पलीकडच्या खोलीतच आहे. गॅसची टाकी मी आणून देते. आत्ता लावू या, एक बाटली पाणी मी बरोबर आणलंय. यातल्याच एका विहिरीचं आहे."

पर्समधून बाटली काढून मी हातात धरली होती. त्या क्षणी मला भीती नव्हती, नुसता संताप होता, आणि संतापाच्या भरात मी सगळ्या हॉलकडे वळून पाहिलं. माझ्या ओळखीची माणसं होती. या मशीनपुढे चहा प्यायलेली माणसं होती. एका मॅडमनी तर माझ्याबरोबरच त्या बंद मशीनला शिव्या घातल्या होत्या, कारण त्यांचंही काम अडलं होतं. त्यांनी पदर सारखा केला आणि खिडकीबाहेर पाहिलं.

परीक्षक घसा खाकरून म्हणाले, "हा प्रश्न प्रबंधाच्या कक्षेबाहेरचा आहे." आणि कागद गोळा करायला लागले. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. मी उभीच होते, हातात बाटली, आणि माझ्याभोवती टाळ्यांचा कडकडाट चालला होता. गुरुबंधू डॉक्टर झाला.

जेवायला मी थांबले. पळून जाणार नव्हते. पंगतीत माझ्या दोन्ही बाजूंची पानं रिकामी राहिली. वांग्याची घोटलेली भाजी, वरण, तुपात बुडवलेली बट्टी, सगळं माझ्या आवडीचं, आणि एकही घास गोड लागेना. हात धुवायला गेले तर नळाशी परीक्षक उभे होते, खांद्यावर नवी शाल. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "मॅडम, तुमचा प्रश्न अगदी योग्य होता हं."

"मग वर का नाही म्हणालात?"

"तिथे तसं करत नाहीत," ते म्हणाले. अगदी समजुतीच्या सुरात, मी काहीतरी हट्ट धरून बसलेली मुलगी असल्यासारखं.

त्या माणसाचा मला सरांपेक्षा जास्त राग आला. सरांना निदान काहीतरी वाचवायचं होतं. यांना काय वाचवायचं होतं? दुसऱ्या दिवशी ते आपल्या गावी निघून जाणार होते, पुन्हा कधी आमचं तोंड बघणार नव्हते. त्यानंतरच्या दिवसांत आणखी कितीजणांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की तुमचं बरोबर होतं. स्टँडवर, झेरॉक्सच्या दुकानात, एकीने तर लेडीज रूमचं दार लावून घेऊन. नळाशी मिळालेल्या असल्या पाठिंब्याने कधी कुणाचं भलं झालं आहे? मी त्यांचं ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि मनात म्हणायचे, की जा, तुमचा पाठिंबा तुमच्या घरी ठेवा.

सरांनी सही केली नाही. 'नाही' असंही म्हणाले नाहीत. भेटायला गेलं की मीटिंगमध्ये असायचे. मग आवृत्ती तपासायची होती. मग संदर्भसूची सुधारायची होती. मग एक दिवस बोलावून म्हणाले, की सोडियमचं प्रकरण काढा, बाकीच्यावर सही करतो. सोडियमचं प्रकरण काढलं तर उरत होतं काय? विहिरींचा पत्ता आणि पावसाची माहिती.

त्या दिवशी धुळ्याहून परतताना एसटीत मी ठरवलं. पुढच्याच आठवड्यात मी यावलच्या बाजूच्या त्या गावात गेले, जिथलं पाणी सगळ्यांत वाईट होतं. मोठ्या कागदावर मराठीत, ठळक अक्षरांत सगळ्या विहिरींचे आकडे लिहिले होते. कोणतं पाणी चालेल, कोणतं जपून, कोणतं थेट बागेला देऊ नये, जिप्सम कुठे घालावं. कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला आणि जमलेल्या लोकांना वाचून दाखवला. लोकांनी नीट ऐकलं. शेवटी एक पिकल्या मिशांचे बागायतदार उठले.

"मंग हे आमाले आधी कायले नाही सांगितलं?"

"सही झाली नव्हती," मी म्हणाले.

"कोनाची सही? पानी आमच्या इहिरीचं ना?"

विहीर त्यांची, पाणी त्यांचं, जमीन त्यांची जाणार होती. आणि त्या पाण्यात काय आहे, हे त्यांना कळू नये म्हणून धुळ्यात एक कपाट, एक किल्ली आणि एक पेन अडून बसलं होतं. ते लोक पुढे इतर गावांत मला घेऊन गेले. मी आणखी कागद लिहिले, आणखी भिंतींवर लावले.

जळगावच्या एका दैनिकात आतल्या पानावर त्याची छोटी बातमी आली. सरांनी ती कापून ठेवली होती. मला बोलावलं, या वेळी लगेच भेटले, आणि कात्रण माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "मॅडम, नियम तुम्हाला माहीत आहे. प्रबंधातलं काम नवं असावं लागतं. हे तर तुम्ही आधीच जाहीर केलंत, भिंतींवर चिकटवलंत. आता मी सही कशावर करू?"

चेहऱ्यावर हसू नव्हतं त्यांच्या, पण आवाजात होतं. बंद मशीनचे आकडे नवे होते. माझे आकडे शिळे झाले, कारण ज्यांना हवे होते त्यांना ते मिळाले. मी टेबलावरून माझा प्रबंध उचलला आणि निघाले. त्यांनी अडवलं नाही.

नानांना सांगणं बाकी होतं. अमळनेरला गेले. आई चहा करत होती. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं: मशीन, कोष्टक, परीक्षा, प्रश्न, टाळ्या, भिंतीवरचे कागद, कात्रण. नाना ऐकत होते. मला वाटलं होतं, त्यांना वाईट वाटेल. त्यांना राग आला. सरांचा नाही, माझा. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्यावर आवाज चढवला.

"तुले कोनी सांगेल व्हतं बोलाले?" ते ओरडले. "पहिले डिग्री हातमा ले, मंग काय बोलनं ते बोल. त्यास्नं काय जास? आपला मानूसले आधी बोलनं परवडत नई. मी जलमभर कारखानामा तोंड शिवीसन ऱ्हायनू, कसाले? तू डॉक्टर व्हवाले पाहिजे म्हनीसन. डॉक्टर व्हयनी व्हतीस तं तुनं बठ्ठासनी ऐकं असतं!"

ते म्हणत होते ते मला कळत होतं, आणि ते चुकीचं आहे हेही कळत होतं, आणि दोन्हींचा मला सारखाच राग येत होता. आयुष्यभर मला हेच सांगितलं होतं सगळ्यांनी. आधी पास हो. आधी नोकरी लागू दे. आधी कायम हो. आधी पदवी घे. बोलायचं ते नंतर. मीही माझ्या आवाजावर ताबा ठेवला नाही.

"नाना, त्या हॉलमा पुढली रांगमा बठ्ठा डॉक्टर व्हतात," मी म्हणाले. "कोन बोलनं?"

आई चहाचे कप हातात घेऊन दारातच थांबली होती.

"एकबी नई?" नानांनी विचारलं.

"एकबी नई."

त्यानंतर नानांनी मला पदवीचं कधी विचारलं नाही.